नैसर्गिक तंतुप्रबलित बहुवारिक संमिश्रे

वनस्पतिजन्य तंतू बहुवारिकात (लहान रेणू परस्परांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थात) बसवून तयार केलेल्या संमिश्र पदार्थांना ही संज्ञा लावतात. यांत भार मुख्यत्वे तंतू पेलतात. बहुवारिक हे आधारद्रव्य असून ते तंतूंना जागच्या जागी धरते व भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविते. नागपूरच्या इतवारीसारख्या जुन्या घाऊक बाजारपेठांत पोते, सुतळी, दोर व सूत या रूपांत परिचित असलेले ज्यूट, अंबाडी, घायपात, काथ्या व कापूस हे तंतू यासाठी उपयोगी पडतात.

यांत्रिक गुणधर्म : ज्यूट तंतूचे ताणबल सु. ३९० ते ७७० मेगॅपास्काल, तर कापसाचे सु. २९० ते ६०० मेगॅपास्काल असते. काचतंतूचे ताणबल २,००० मेगॅपास्कालहून अधिक असल्याने निव्वळ बलात नैसर्गिक तंतू मागे पडतात. ताठरतेच्या बाबतीत मात्र अंतर कमी आहे. काचतंतूचा स्थितिस्थापकता गुणांक सु. ७० व ज्यूटचा सु. २० गिगॅपास्काल, म्हणजे प्रमाण साडेतीन पट दिसते. परंतु काचेची घनता सु. २·५ व ज्यूटची सु. १·४ असल्यामुळे समान वजनाचा विचार केल्यास ते सु. दुप्पटच उरते. कापूस तुटण्यापूर्वी ७ ते ८ टक्के व काथ्या १५ टक्क्यांहून अधिक ताणला जातो, तर ज्यूट २ टक्क्यांच्या आतच तुटतो. म्हणून ताठरतेसाठी ज्यूट, तर आघात सोसण्यासाठी कापूस वा काथ्या अधिक योग्य ठरतो.

संमिश्राची ताठरता तंतूंचे प्रमाण व दिशा यांवर अवलंबून असते. ३ गिगॅपास्काल गुणांकाच्या पॉलिएस्टरमध्ये ज्यूटचे सलग व समांतर तंतू घनफळाने ४० टक्के घातल्यास तंतूंच्या दिशेत सु. ९·८ गिगॅपास्काल गुणांक अपेक्षित असतो (०·४ × २० + ०·६ × ३). आडव्या दिशेत तो पुष्कळच कमी भरतो. तंतू आखूड व अस्ताव्यस्त असल्यास गुणधर्म सर्व दिशांना सारखे, पण कमी प्रतीचे मिळतात.

मर्यादा : तंतूंतील सेल्युलोज जलाकर्षी, तर बहुतेक बहुवारिके जलविरोधी असल्याने दोहोंची पकड सैल राहते व भार नीट संक्रमित होत नाही. यावर उपाय म्हणून तंतूंवर दाहक सोड्याची किंवा सिलेन संयुगांची प्रक्रिया करतात. पावसाळ्यात फुगणे व उन्हाळ्यात आकसणे यांमुळे सूक्ष्म भेगा पडतात. विदर्भासारख्या प्रदेशात हा दोष विशेष विचारात घ्यावा लागतो. सु. २००° से. वर तंतूंचे अपघटन होऊ लागते, त्यामुळे अधिक तापमानाला वितळणारी बहुवारिके वापरता येत नाहीत.

उपयोग : पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात तयार झालेल्या ट्राबांट मोटारगाडीचे बाह्यपत्रे टाकाऊ कापूस व फिनॉलिक रेझीन यांच्या संमिश्राचे होते. सांप्रत मोटारगाड्यांच्या दारांची अस्तरे, आवेष्टने व प्लायवुडला पर्यायी तक्ते यांत ही संमिश्रे वापरतात.

विदर्भात कापूस वेचून झाल्यावर उरणारी पऱ्हाटी बहुधा जळणासाठी वापरतात वा शेतातच जाळतात. मुंबई येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पऱ्हाटीपासून कणतक्ते बनविण्याचे तंत्र विकसित केले. तिचे सरकी काढण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्र नागपूर येथे आहे. पऱ्हाटीचे तुकडे वाळवून त्यांत फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझीन मिसळतात व थर तप्त दाबयंत्रात दाबतात. तक्त्याचे नमनबल, अंतर्गत पकड व पाण्यात जाडी किती वाढते हे तपासून त्याची प्रत ठरवितात. शेतात रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी आश्रय घेत असल्याने ती वेळीच उचलली गेल्यास पुढील पिकाचेही रक्षण होते. तथापि पऱ्हाटी वजनास हलकी पण आकाराने अवजड व वर्षातील थोडेच महिने मिळणारी असल्याने गोळा करणे, वाहतूक व साठवण यांच्या खर्चावरच शेतकऱ्यास मिळणारा मोबदला अवलंबून राहतो.