छायाचित्र वाचताना : ६. खाडीवरचे चेहरे

मागच्या भागात स्टुडिओत बसवून काढलेल्या चेहऱ्यांचा विचार केला. आज कॅन्डिड पोर्ट्रेट, म्हणजे माणूस आपल्या नादात असताना टिपलेला चेहरा. तो पारखायचा कसा, हे शिकायला बर दुबईच्या अब्रा धक्क्यासारखी जागा नाही.

एक दिर्हाम भाड्यात पलीकडच्या देऱ्याहून दुबईची खाडी ओलांडणाऱ्या अब्रा या लाकडी नावेत प्रवासी मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून, पाण्याकडे तोंड करून बसतात. तांडेल मधल्या खळग्यात उभा असतो. वरचं कडक ऊन छत अडवतं आणि पाण्यावरून परतलेला उजेड खालून हनुवटीवर, गालांवर, डोळ्यांत येतो. डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या आपोआप विरतात. इथे साधा मोबाइलही देखणा चेहरा देऊन जातो, आणि परीक्षक फसतात ते इथेच. खाडीच्या उजेडाचे गुण ते छायाचित्रकाराला देऊन टाकतात.

कलेचे गुण निवडीला द्यावेत. छायाचित्रकार कुठे उभा राहिला, त्याने काय वगळलं, बटण कधी दाबलं? २०० मिमी लेन्सने लांबून टिपलेल्या तांडेलामागची पार्श्वभूमी मऊ, धूसर होते. चित्र लगेच ‘कलात्मक’ वाटतं, पण हा माणूस दुबईत आहे की वाराणसीत, हे कळत नाही. ३५ मिमीने जवळून काढलं तर सुकाणू, बाकावरच्या पिशव्या, पलीकडचा देरा असं सगळं आत येतं. मग गर्दीतून चेहरा उठून दिसावा म्हणून झटावं लागतं. हे जमलेलं चित्र मला पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, कारण त्यात कला आणि माहिती एकमेकींच्या आड येत नाहीत.

जवळ जायचं तर विचारावं लागतं, आणि इथे ते टाळताही येत नाही. अमिरातींच्या २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यात, संमतीशिवाय दुसऱ्याचे फोटो काढून त्याच्या खासगीपणाचा भंग केल्यास किमान ६ महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिर्हाम दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सार्वजनिक जागाही त्यातून सुटत नाही. पण विचारल्याने सहजपणा संपतो हे मला पटत नाही. तांडेल मान डोलावतो, क्षणभर अवघडतो, मग धक्का जवळ येतो आणि त्याला नाव लावायची असते. तेव्हाचा चेहरा पूर्णपणे त्याचा असतो. तिथवर थांबण्याचा धीर हीसुद्धा कलाच आहे.

‘सहज टिपलेलं’ हा दावा किती तपासावा लागतो, ते दुबईतच दिसलं. २०११ मध्ये स्थापन झालेल्या हमदान आंतरराष्ट्रीय छायाचित्रण पुरस्काराचा २०१९ चा विषय होता ‘आशा’. मलेशियाच्या एडविन ओंग वी की यांनी काढलेल्या एका व्हिएतनामी आईच्या चित्राला १,२०,००० डॉलरचं सर्वोच्च बक्षीस मिळालं. थोड्याच दिवसांत दुसरं एक चित्र फिरू लागलं : तीच बाई आणि समोर कॅमेरे रोखलेला घोळका. हे ठरवून उभं केलेलं नव्हतं, असं ओंग यांचं म्हणणं होतं. माझ्या मते त्या घोळक्यामुळे मूळ चित्राच्या रचनेचा एकही गुण कमी होत नाही. शैक्षणिक मूल्य मात्र बदलतं. त्या आईच्या नजरेत आशा वाचायची, तर ती नजर कोणासमोर होती हेही ठाऊक असायला हवं.

डोरोथिया लँग यांचं १९३६ चं ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र आजही शिकवता येतं, कारण त्याच भेटीतल्या इतर फ्रेम लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. लांबून दिसणाऱ्या तंबूपासून लँग चेहऱ्यापर्यंत कशा पोचल्या, मुलांची जागा कशी बदलत गेली, हे ओळीने पाहता येतं. कोपऱ्यातला अंगठा नंतर पुसल्याचंही कळतं. चित्रातल्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळायला मात्र १९७८ उजाडलं. एवढी वर्षं ती गरिबीचं प्रतीक होती. तिचं स्वतःचं म्हणणं चित्राबरोबर कुठेच नव्हतं.

म्हणून परीक्षकाने निवडलेल्या चित्राच्या आधीच्या आणि नंतरच्या चार-पाच फ्रेम मागाव्यात, सोबत टिपणही : वेळ, जागा, अंतर, परवानगी आधी की नंतर, आणि माणसाची हरकत नसेल तर त्याचं नाव, गाव, काम. असं टिपण कसं लिहायचं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.