शिकलेले खोलीबाहेर येते का?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या लहान मुलांना बोलणे, मागणे, अनुकरण करणे अशी कौशल्ये छोट्या छोट्या पायऱ्यांत विभागून, प्रत्येक यशानंतर लगेच बक्षीस किंवा शाबासकी देऊन शिकवण्याच्या पद्धतीला वर्तनोपचार म्हणतात. हा उपचार आठवड्याला किती तास द्यावा याची चर्चा पुष्कळ होते, तो कोठे द्यावा याची मात्र त्या मानाने थोडी.

रिंकोव्हर आणि कोगेल यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १० मुलांना उपचाराच्या खोलीत एक साधी कृती शिकवली आणि मग तीच सूचना बाहेर, अनोळखी माणसाकडून देऊन पाहिली, तेव्हा ४ मुलांना ती मुळीच जमली नाही, कारण ही मुले शब्दांना नव्हे, तर शिकवणाऱ्याच्या हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीसारख्या आनुषंगिक खुणांना प्रतिसाद देत होती. शिकलेले नव्या जागी, नव्या माणसांत वापरता येणे याला सामान्यीकरण म्हणतात, आणि ते आपोआप होत नाही. त्याआधी, १९७३ मध्ये, लोवास व सहकाऱ्यांनी असे नोंदवले होते की उपचारानंतर संस्थेत परतलेली मुले शिकलेले बरेचसे गमावून बसली, तर ज्यांच्या पालकांना प्रशिक्षण मिळाले होते त्यांची प्रगती टिकली.

दिल्लीच्या करोल बागेत या निष्कर्षाचा अर्थ फार व्यावहारिक होतो. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला, जसोल्यात आहे; तेथे जाण्यासाठी मंडी हाऊसला मेट्रो बदलावी लागते, आणि तेथील शांत खोलीत पाणी मागायला शिकलेल्या मुलाला ते करोल बागेतल्या अजमल खान रोडच्या गर्दीत, गोंगाटात मागता येईलच असे नाही. अर्थात शांत खोली निरुपयोगी ठरत नाही, कारण पहिली पायरी कमी गोंगाटातच सोपी जाते. पण दुसरी पायरी जिन्यावर, दुकानात आणि जेवणाच्या ताटाजवळ घ्यावी लागते.

गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पास’ चाचणी काटेकोर अर्थाने वर्तनोपचाराची नसली तरी येथे मोलाची आहे, कारण तीत तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांनाच मुलाशी संवाद साधण्याचे मार्गदर्शन केले. मुलांनी पालकांशी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला, आणि ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी. शिवाय ‘पालक’ या शब्दामागे बहुतेक घरांत आईच असते, म्हणून घर हे उपचाराचे स्थळ ठरवताना तिचा स्वयंपाक, दुसरे मूल आणि नोकरी यांचे तासही आराखड्यात धरावे लागतात.