दाबा, थांबा, मग बोला

दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय दिला, 'सुरक्षा दलांची संदेशयंत्रणा'. त्यांच्या डोळ्यांपुढे उपग्रह होते, सांकेतिक लिपी होती, झालंच तर ड्रोन. मी म्हटलं, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला जाते. फोनवर क्षणभर शांतता. मग म्हणाले, "किल्ल्यावरचा लेख मागच्याच वर्षी छापलाय."

किल्ला पाहिल्याशिवाय कंधारातून कुणी सुटत नाही, हे खरं. पाण्याने भरलेला खंदक, राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण, मग बहमनी, निजामशाही, मुघल, हैदराबादचे निजाम. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे सगळं हैदराबाद संस्थानातलं. पाटीवर एवढं वाचून मी तटावर चढले ते वेगळ्याच कामासाठी. गावात सगळ्यात उंच काय दिसतं ते मला बघायचं होतं. मोबाइलचे जाडजूड टॉवर आधी दिसले. त्यांच्या मानाने काडीसारखा, लाल-पांढरा, चारी बाजूंनी तारांनी ताणून धरलेला असा एक खांबही सापडला. तो बिनतारी यंत्रणेचा. नाव बिनतारी, आणि उभा मात्र तारांवर.

ज्यांना भेटायचं होतं ते या परिसरातले निवृत्त बिनतारी यंत्रचालक. तीसेक वर्षं पोलिसांच्या सेटसमोर बसलेले. गल्लीत त्यांना सगळे जमादार म्हणतात, मी काका म्हणत होते. पहिल्याच चहाला त्यांनी तीन गोष्टी न लिहिण्याची अट घातली: त्यांचं नाव, ठाण्याची नावं आणि फ्रिक्वेन्सी. "बाकी काय लिहायचं ते लिहा ताई. पण चुकीचं लिहू नका, नाहीतर लोक म्हणतील जमादाराला येतच नव्हतं."

त्यांच्या खोलीत दोन वस्तू कपाटावर मांडून ठेवल्यात. एक मोर्सची पितळी किल्ली, भंगारवाल्याकडून विकत घेतलेली. दुसरी काचेची नळी, वर रबरी फुगा, आत बुडणारी-तरंगणारी छोटी काचकांडी. हायड्रोमीटर. ट्रॅक्टरवाल्यांना ही वस्तू ठाऊक असते. किल्लीचं कौतुक करायला मी गेले होते, पण काकांचा जीव त्या नळीत होता.

सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वीज असो-नसो, बॅटरी मधे असतेच. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत बारा-बारा तास भारनियमन असायचं, तेव्हा ठाण्याचा पंखा, दिवा, पाण्याची मोटार सगळं बंद आणि सेट चालू. रोज सकाळी काका बॅटरीची सहा बुचं उघडायचे, नळीने आम्ल ओढायचे आणि कांडी कुठवर तरंगते ते बघायचे. बाराशे साठ म्हणजे बॅटरी भरलेली. बाराशेला आली की काळजी. अकराशे वीस म्हणजे बॅटरी मेली. "लोक सकाळी उठून देवाला फूल वाहतात, मी डिस्टिल्ड वॉटर."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच माहितीपुस्तिकेत मिळालं नव्हतं. पंचवीस वॅटचा साधा सेट नुसता ऐकत असतो तेव्हा अर्धा अँपिअर खातो. बटण दाबून बोलायला लागलं की सहा. म्हणजे ऐकण्यापेक्षा बोलणं दहा-बारा पटींनी महाग. भारनियमनाच्या दिवसांत एखादा नवा साहेब सेटवर आला आणि "त्याचं असं आहे की" अशी सुरुवात करायला लागला, की काकांना कानात शब्द नाही, आम्लात खाली जाणारी कांडी दिसायची. पोलिसांची वायरलेसवरची ती तोडकी, कोरडी भाषा शिस्तीतून आली असं मी समजत होते. निम्मी तरी ती बॅटरीतून आली असावी.

आणि ते बटण. हँडसेटच्या बाजूला अंगठ्याखाली येतं. दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता, दोन्ही एकदम होत नाही. टेलिफोनसारखं एकमेकांच्या बोलण्यात बोलणं इथे जमतच नाही. जिल्हाभर पोचायचं तर आवाज आधी उंचावरच्या रिपीटरकडे जातो, तिथून पुन्हा फेकला जातो. या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीचा फुगवटा त्यांना आडवा येतो. हिशेब सोपा आहे: खांबाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला चाराने गुणा, तेवढे किलोमीटर. तीस मीटरच्या खांबावरून बावीस-तेवीस किलोमीटर. समोरही तीस मीटरचाच खांब असेल तर पंचेचाळीसपर्यंत जेमतेम. गाडीच्या टपावरची काडी असेल तर सगळं मिळून अठ्ठावीस. कंधार ते नांदेड पन्नासेक किलोमीटर, मधे बालाघाटचे चढउतार. पलीकडे किनवट-माहूरचं जंगल तर नांदेडपासून शंभराच्या पुढे. म्हणून टेकडी लागते, टेकडीवर रिपीटर लागतो.

हा रिपीटर जागा व्हायला निमिषभर घेतो. बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली तर पहिलं अक्षर गिळलं जातं. म्हणून नव्या पोराला काका पहिला धडा द्यायचे: दाबा, थांबा, मग बोला. दुसरा धडा मात्र मराठीचा आहे. बोलणं संपत आलं की अंगठा आपोआप सैल होतो आणि शेवटचा शब्द कापला जातो. इंग्रजीत नकार वाक्यात आधी येतो, आपल्याकडे तो शेवटी. 'गाडी सोडू नका' यातलं 'नका' गेलं तर उरतं काय? काकांनी मला ते वाक्य हात पुढे करून, अंगठ्याचं नाटक करत चार वेळा म्हणून दाखवलं. त्यांच्या शिकवणीत नकार दोनदा: "नका, गाडी सोडू नका." भाषेच्या अभ्यासकांनी हे कुठे नोंदवलंय की नाही, मला ठाऊक नाही. सेटवर बसणाऱ्याने नोंदवलंय.

रीतसर इतिहास थोडक्यात. भारतीय लष्कराचं सिग्नल दल १५ फेब्रुवारी १९११ चं. आपल्या महाराष्ट्रात खडकीहून प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी जोडी करून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा १९२७ मध्ये सुरू झाली. राज्यांच्या पोलीस बिनतारी यंत्रणांचा मेळ घालणारं केंद्रीय संचालनालय १९४६ चं. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचं मुख्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर. काका तिथेच मोर्स शिकले.

त्यांच्या हाताची मोर्सची सवय अजून जात नाही. बोलता बोलता टेबलावर बोट वाजतं. जुन्या काळी लांबचा संदेश लघुलहरींवरून जायचा. त्या लहरी वर जाऊन आयनोस्फिअरवर आपटतात आणि शेकडो कोस लांब उतरतात. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची, आणि संध्याकाळी दोन्ही नखरे करतात. मी विचारलं, कंधार वाजवून दाखवा. डा-डिट-डा, आणि मग पुढची अक्षरं. शेवटी डिट-डा-डिट. वाजवून ते मिश्कील हसले. मोर्सवाल्यांच्या रिवाजात सुटं 'के' म्हणजे 'आता तुम्ही बोला'. सुटं 'आर' म्हणजे 'मिळालं', ज्याचं पुढे 'रॉजर' झालं. इंग्रजी अक्षरांत कंधार 'के'ने सुरू होतं आणि 'आर'ने संपतं. "आमच्या गावाचं नावच संदेश आहे बघा."

किल्लारीच्या भूकंपाचं मी विचारणारच होते. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. राज्यभराचे पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात, म्हणून राज्यभराचे सेट जागे. रात्र सरता सरता, ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. कंधारपासून किल्लारी शंभर-सव्वाशे किलोमीटर, तरी पत्रे वाजले, भांडी पडली. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी नंतर सांगितलंय की मुंबईत तेही विसर्जनाच्या बातम्यांसाठी जागे होते, खिडक्या थरथरल्या आणि त्यांनी पहिली चौकशी कोयनेला केली. लातूर-उस्मानाबादेतली ५२ गावं जमीनदोस्त झाली होती आणि सुमारे आठ हजार माणसं गेली होती, हे कळायला उजाडावं लागलं.

काका त्या रात्री सेटवर होते. आपण काही पराक्रम केला असं ते म्हणत नाहीत. त्यांना आठवतो तो आवाजांचा क्रम. हादरा बसल्यावर दहा-वीस सेकंद सेटवर एकही शब्द नाही. मग एकदम पाच-सहा ठाणी एकावेळी बोलायला लागली, त्यामुळे कुणाचंच कळेना. मग कंट्रोलने, म्हणजे नियंत्रण कक्षाने, सगळ्यांना गप्प केलं आणि एकेकाला नावाने हाक मारली. ज्याला हाक तो बोलेल, बाकीचे ऐकतील. "तेव्हा कळलं ताई, की कोण बोललालंय त्यापेक्षा कोण बोलंना झालंय, ते ऐकायचं असतं." सकाळपासून 'क्रॅश' संदेश सुरू झाले. पोलिसांत सगळ्यात तातडीच्या संदेशाला क्रॅश म्हणतात, त्याला बाकी सगळ्यांनी वाट द्यायची. त्या दिवशी सगळेच संदेश क्रॅश होते, तेव्हा कुणी कुणाला वाट द्यायची? वहीत वेळ लिहिता लिहिता त्यांनी दोन रिफिली संपवल्या.

ही वही हलकी वस्तू नाही. कुठला संदेश किती वाजता आला, कुणी दिला, कुणी घेतला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतल्या दहशतवादी हल्ल्यात अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. त्या रात्रीचा क्रम अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या नियंत्रण कक्षाच्या नोंदींवरून मिनिटामिनिटाने लावला आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं. काकांनी ते पुस्तक वाचलंय. त्याबद्दल ते एकच बोलले: "नोंद होती म्हणून विचारता आलं."

आता अडचणी. खरं तर त्याच ऐकायला संपादकांनी पाठवलं असतं, तर लेख इथून सुरू झाला असता.

पहिली म्हणजे पाणी. विजेपासून बचावाला खांबाच्या पायाशी अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात कोळसा आणि मीठ. ती माती ओली राहायला हवी, कोरडी पडली की वीज जमिनीत उतरत नाही, सेटमध्ये शिरते. म्हणून उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी खड्ड्यात ओतायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती. तेव्हा इकडे खाकी पँटीतला माणूस भरली बादली जमिनीत ओततोय हे दृश्य भिंतीपलीकडून लोक बघायचे. एका म्हातारीने विचारलं, "कामून जिरवलालास रे लेकरा?" काकांनी वीज, खांब, मीठ असं सगळं समजावलं. तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते अंधार पडल्यावर पाणी घालू लागले.

दुसरी अडचण अशी की जुन्या पद्धतीचा संवाद उघडा असतो. स्वस्तातला रिसीव्हर घेऊन कुणीही ऐकू शकतो. त्यावर उपाय डिजिटल सेट, ज्यात आवाजाला कुलूप लावता येतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे व्हायलाच पाहिजे, यात वाद नाही. पण जुना आवाज दूर जाताना हळूहळू खरखरीत विरतो आणि तयार कान त्या खरखरीतूनही गावाचं नाव वेचून काढतो. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. तिथे कानाला काही करण्यासारखं उरत नाही. तीस वर्षं कमावलेली विद्या अशी एका झटक्यात बिनकामाची होते. काका त्यावर चिडत नाहीत, मी थोडी चिडले.

तिसरी खिशातली. २०२१ पासून महाराष्ट्रात ११२ आहे. फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो, जवळच्या गाडीतल्या पडद्यावर पत्ता उमटतो. चांगली सोय. बाकीचं काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतं: फोटो, लोकेशन, अंगठा. पण माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या माळावर लाखो माणसं आणि घोडे-गाढवांचा बाजार जमतो, तेव्हा मोबाइलला रेंजच्या काड्या पूर्ण आणि फोन मात्र लागत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास आरक्षण आंदोलनात बीडमध्ये सरकारनेच इंटरनेट बंद केलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळला पाणी शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं. अशा वेळी पोलीस, लष्कर, बचाव पथक, पाटबंधारे, प्रत्येकाचा सेट वेगळा आणि फ्रिक्वेन्सी वेगळी. शेजारी शेजारी उभे राहून त्यांना तोंडानेच बोलावं लागतं. काकांना यातली गंमत फार आवडते. मला त्याची भीती वाटली.

शेवटी ते मला एका ठाण्यात घेऊन गेले, अर्थात नाव न सांगण्याच्या बोलीवर. सेटसमोर पंचविशीचा शिपाई. बॅटरी आता सीलबंद, बुचंच नाहीत. काका तिच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते. संध्याकाळची हजेरी सुरू झाली. कंट्रोल एकेका ठाण्याला हाक मारतं आणि ठाणं "ओके" म्हणतं. आमच्या पोराने बटण दाबलं आणि लगेच बोलला. नुसतं "...के" गेलं असणार. काकांचा अंगठा त्यांच्या गुडघ्यावर नकळत दाबला गेला.

पुढच्या ठाण्याला हाक गेली. उत्तर नाही. पुन्हा हाक. खरखर. काका पुढे वाकले, डोळे मिटले. तिसऱ्यांदा हाक, तिसऱ्यांदा खरखर, आणि कंट्रोल त्याच्या पुढच्या नावाकडे गेलं.

पोराने खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला.

"अरे, सेट चालू कर की. हजेरी चालू आहे."