टाकीची पातळी व पंपाची मोटार

रात्रीं वीज येते, टाकी भरून वाहूं लागते आणि धनी निजलेला असतो, हें आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. ही नासाडी टाळणारी सामुग्री काय आहे, तें आम्ही थोडक्यांत सांगतों.

टाकीवर लाविलेला संवेदक सेकंदास सुमारें ४०,००० कंपनांचा, मनुष्यास ऐकूं न येणारा ध्वनि पाण्यावर सोडितो व प्रतिध्वनि घेतो. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो; म्हणून पाणी १ मीटर खालीं असल्यास जाण्यायेण्यास सेकंदाचा सुमारें ६ सहस्रांश लागतो. या वेळेवरून मायक्रोकंट्रोलर पातळी ठरवितो. टाकींत दमटपणा असतो, सबब जलरोधक संवेदकच घ्यावा.

मायक्रोकंट्रोलरचा प्रवाह फार क्षीण. ५ अश्वशक्तीची मोटार तर सुमारें ३,७०० वॅटची. म्हणून त्यानें ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरनें रिले व रिलेनें स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर चालवावा. रिलेचा प्रवाह तुटतांच त्याच्या वेटोळ्यांत उलट दाब उत्पन्न होऊन ट्रान्झिस्टर जळतो. तो वांचविण्यास वेटोळ्यास उलटा डायोड जोडावा.

ही सामुग्री विहिरींतील पाणी पाहत नाहीं. पंप कोरडा चालूं नये म्हणून निराळी योजना हवी. ओव्हरलोड रिले कदापि काढूं नये आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.