रेडिओच्या डायलवरचे दोन आकडे

आकाशवाणीच्या नागपूर केंद्राची मध्यम लहरींवरची उद्घोषणा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तिच्यातले दोन आकडे आठवत असतील : 512.8 मीटर आणि 585 किलोहर्ट्झ. वाशिम जिल्ह्यातील धनज येथे शिक्षकांशी बोलताना आम्ही हे आकडे फळ्यावर लिहिले आणि गुणाकार करायला सांगितले. 585 किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 5,85,000 तरंग, प्रत्येकाची लांबी 512.8 मीटर. उत्तर येते जवळजवळ 30 कोटी मीटर. हा तर प्रकाशाचा वेग!

यात जादू काही नाही. एका सेकंदात अँटेनातून निघालेले सगळे तरंग ओळीने मांडले, तर त्या ओळीची लांबी म्हणजेच पहिल्या तरंगाने सेकंदात कापलेले अंतर. वेग ठरलेला आहे, म्हणून वारंवारता दुप्पट झाली की तरंगलांबी निम्मी होते. जुन्या रेडिओच्या डायलवर हे व्यस्त प्रमाण चक्क दिसते. 600 वरून 700 किलोहर्ट्झवर गेले की तरंगलांबी 500 मीटरवरून सुमारे 429 वर येते. पण 1500 वरून 1600 वर जाताना ती 200 वरून फक्त 187.5 होते. विद्यार्थ्यांना हा आलेख काढायला जरूर द्यावा.

एका शिक्षकांनी विचारले, "लघुलहरी म्हणजे जवळच पोहोचणाऱ्या लहरी ना?" हा गैरसमज आम्हाला बऱ्याच ठिकाणी भेटतो. 'लघु' हे विशेषण तरंगलांबीला आहे, पल्ल्याला नव्हे. रेडिओ सिलोनची गाणी विदर्भातल्या खेड्यांत ऐकू येत ती लघुलहरींवरच. 25 मीटरच्या, म्हणजे सुमारे 12 मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनांबरावरून परततात आणि शेकडो कोस ओलांडतात. एफएमच्या लहरी मात्र त्याहून लहान, सुमारे 3 मीटरच्या. त्या बहुधा आयनांबर भेदून निघून जातात, म्हणून एफएम केंद्र साधारण क्षितिजापर्यंतच ऐकू येते.

आता खरा कळीचा प्रश्न : या दोन राशींपैकी मूळची कोणती? आमच्या मते वारंवारता. ती प्रक्षेपक ठरवतो. तरंगलांबी माध्यमावरही अवलंबून असते. हवेत 600 नॅनोमीटर तरंगलांबीचा नारिंगी प्रकाश पाण्यात शिरला की त्याचा वेग घटतो आणि तरंगलांबी सुमारे 450 नॅनोमीटर होते. हवेत एवढ्या तरंगलांबीचा प्रकाश निळा असतो. मग पाण्यात तो निळा होतो का? नाही. पृष्ठभागावर सेकंदाला जितके तरंग येतात, तितकेच पलीकडे जायला हवेत; नाहीतर ते सीमेवर साठत जातील. वारंवारता बदलत नाही, म्हणून रंगही बदलत नाही. रंगाची व्याख्या केवळ तरंगलांबीने शिकवली की विद्यार्थी इथेच अडखळतात.

घरी एफएम रेडिओ असेल तर त्याची ओढून काढायची एरियल फूटपट्टीने मोजा. ती पाऊण मीटरच्या आसपास भरली, तर 3 मीटरला चाराने भागून पाहा.