मातीखालचं मांजर

दिवे मालवले की मी खुर्ची तिरकी करून घेते. डाव्या भिंतीला लागून, दुसऱ्या रांगेच्या टोकाला. तिथून पडदा अर्धाच दिसतो, माणसं मात्र सगळी दिसतात. मांडीवर वही आणि पेनाला दोऱ्याने बांधलेली बोटभर बॅटरी. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्याशा फिल्म क्लबात प्रेक्षकांची मतं टिपायचं काम माझ्याकडे आहे, आणि त्यातलं निम्मं काम अंधारातच होतं. कोण कुठे हसलं, कुणी मोबाइल काढला, कोण खुर्चीत पुढे सरकलं, ते घड्याळातल्या वेळेसकट लिहायचं. नंतर चर्चेत माणसं बोलतात ती शेजाऱ्याचं ऐकून, शब्द निवडून बोलतात. अंधारात आलेलं हसू निवडलेलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही ‘अ बकेट ऑफ ब्लड’ दाखवला. रॉजर कॉर्मन यांचा १९५९ सालचा चित्रपट, सहासष्ट मिनिटांचा, कृष्णधवल. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने त्यासाठी दिले होते सुमारे पन्नास हजार डॉलर, आणि चित्रीकरण पाच दिवसांत उरकलं. त्या काळच्या हॉलिवूडच्या मानानेही हे चिल्लर पैसे. हक्क खुले असल्यामुळे आमच्यासारख्या क्लबाला तो परवडतो, हेही एक कारण.

गोष्ट अशी. ‘यलो डोअर’ नावाच्या कॅफेत कवी, चित्रकार, गिटारवाले रात्री जमतात. वॉल्टर पेस्ली तिथे टेबलं पुसतो, कप उचलतो. आपणही कलावंत व्हावं ही त्याची आस आहे आणि हातात काहीच नाही. खोलीवर तो मातीचा चेहरा घडवायला बसतो, नाक जमत नाही, म्हणून मातीलाच ओरडतो. घरमालकिणीचं मांजर भिंतीत अडकलेलं असतं. ते सोडवायला त्याने भिंतीत सुरी खुपसली आणि मांजर मेलं. भेदरलेला वॉल्टर त्याच्यावर सुरीसकट माती थापतो आणि दुसऱ्या दिवशी ते ‘शिल्प’ कॅफेत घेऊन जातो. नाव ठेवतो ‘मेलेलं मांजर’. सगळे वाहवा करतात. पुढचं शिल्प काय, असं विचारतात. पुढचं शिल्प माणूस असतो.

त्या संध्याकाळी एकेचाळीस माणसं होती. मातीला ओरडण्याच्या प्रसंगाला मोठा हशा. कॅफेत मांजर टेबलावर ठेवून सगळे त्याची तारीफ करू लागले तेव्हा त्याहून मोठा. साध्या वेशातल्या पोलिसाच्या डोक्यात वॉल्टर तवा घालतो, तिथे हशा सुरू झाला आणि अर्ध्यात तुटला. करवतीच्या प्रसंगात दोघी बाहेर गेल्या. एक परत आली. शेवटी वॉल्टर आपल्या खोलीत गळफास घेतो आणि दार फोडून आलेला कवी मॅक्सवेल ब्रॉक त्या लटकत्या देहाला त्याची सर्वांत थोर कलाकृती ठरवतो, तेव्हा हसू आलं ते फक्त मागच्या रांगेतून.

दिवे लागल्यावर मी कधीच विचारत नाही, आवडला का. या प्रश्नाला ‘छान होता’ एवढंच उत्तर मिळतं आणि चर्चा तिथेच मरते. मी घड्याळ बघत गप्प बसते. शांतता साधारण मिनिटभर टिकते. ती न घाबरता टिकू देणं हीच या कामातली खरी कसरत आहे. सुरुवातीची दोन वर्षं मला ती जमली नव्हती.

पहिला बोलला संकलन शिकणारा एक मुलगा. त्याला बजेट खटकत होतं. पुन्हा पुन्हा तोच कॅफे, तीच खोली, आणि शेवटच्या दृश्यात वॉल्टरच्या तोंडाला नुसतं करड्या रंगाचं काहीतरी फासलेलं. तो पूर्ण पुतळाच दिसायला हवा होता, म्हणाला. त्याचं म्हणणं खरं आहे. वॉल्टरचं काम करणारे डिक मिलर यांनाही तीच खंत होती. पण मला त्या करड्या तोंडात नट दिसत नाही, थकलेला माणूस दिसतो, म्हणून मी त्या दृश्याच्या बाजूने आहे. करवतीच्या प्रसंगाच्या बाजूने मी नाही. तो खून घाईत आला आणि घाईतच गेला. फ्रेड कॅट्झ यांच्या जाझ संगीताबद्दल कुणीच काही बोललं नाही, याचं वाईट वाटलं.

एका जुन्या सभासदांचा आक्षेपच वेगळा होता. भारतातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला तोही १९५९ सालीच आणि अध्यक्ष होते सत्यजित राय. त्या चळवळीतल्या लोकांनी असले पाच दिवसांत काढलेले रक्ताचे खेळ दाखवावेत का? त्यांना उत्तर दिलं त्यांच्याच वयाच्या शेजाऱ्यांनी. आपल्याच गावात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ केला, १९२० साली. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. पेंटर चित्रकार होते, शिल्पकार होते. तो वध पडद्यावर खरा दिसावा ही कलावंताचीच हौस की नाही? यावर जुने सभासद म्हणाले, हौस वेगळी आणि हाव वेगळी. दोन्ही वाक्यं मी जशीच्या तशी उतरवून घेतली.

मग बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले. ते बोलले फक्त एका प्रसंगावर. कॅफेचा मालक लिओनार्ड याला मातीतून डोकावणारे मांजराचे केस दिसतात. सगळं उमगतं. तो पोलिसांना फोन करायला निघतो आणि नेमका त्याच वेळी एक गिऱ्हाईक त्या मांजराचे पाचशे डॉलर देऊ करतं. लिओनार्ड फोन ठेवून देतो. “त्या पाचशेनंतरचे खून लिओनार्डच्या खात्यावर लिहा,” काका म्हणाले. सभागृह पहिल्यांदा दुभंगलं ते इथे. काहींना वॉल्टरची कीव येत होती, काहींना हे कीव येणंच धोक्याचं वाटत होतं. एक बाई ठामपणे म्हणाल्या, की मांजर चुकून मेलं, पण मॉडेल ॲलिसचा गळा त्याने ठरवून आवळला; मधल्या काळात त्याला कुणी काय म्हणालं याने तिचा जीव परत येत नाही.

मूर्तिकामातले एक गृहस्थ तोपर्यंत गप्प होते. गणपती रंगवून आलेले, नखांत अजून रंग. त्यांना विचारल्यावर ते माती घेऊन बसले. ओली माती वाळताना आक्रसते. आतली वस्तू तिच्याबरोबर आक्रसली नाही तर वरून भेगा पडणारच, म्हणून आम्ही शाडूत काथ्या घालतो, मोठ्या कामाला आत सांगाडा करून त्यावर सुतळी गुंडाळतो. रात्री थापलेली माती दुसऱ्या दिवशी ओलीच असणार. “मूर्ती बघायला आलेला जाणकार आधी अंगठा टेकवून बघतो. ह्यांनी नाव वाचलं आणि माना डोलावल्या. लिओनार्डला केस दिसले, शेवटी एका मुलीला मातीतनं बोट दिसलं. म्हणजे बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.”

हे ऐकताना माझ्या पेनाची गती आपोआप कमी झाली. मी तोवर हा चित्रपट तीनदा पाहिला होता आणि तो कलावंत होऊ पाहणाऱ्या माणसाचा आहे असंच समजत होते. तो प्रेक्षकांचा आहे. वॉल्टरच्या हातून शेवटपर्यंत एकही शिल्प घडत नाही. घडतात ती त्याच्याभोवतीच्या लोकांची मतं. आणि माणूस मरतो तो दर वेळी कुणीतरी मत दिल्यानंतर. मत टिपणाऱ्या माणसाला हे उशिरा कळावं याची मला त्या क्षणी टोचणी लागली.

चहा आला. कोपऱ्यावरच्या टपरीवरचा मुलगा मध्यंतरापासून दाराशी उभं राहून बघत होता. मी त्याला विचारलं, इंग्रजी कळलं का रे?

“नाही ताई. पण तो कप उचलत नव्हता, ऐकत हुता. कप उचलायचं नुसतं निमित्त.” ट्रे रिकामा करता करता तो पुढे म्हणाला, “आम्ही पण ऐकतोय की. रोज ऐकून ऐकून पाठ हुतंय.”

चित्रपटात अगदी तसंच आहे. ब्रॉकची कविता वॉल्टरला शब्दन् शब्द पाठ असते, खुद्द ब्रॉकला नसली तरी. चर्चेतल्या पुस्तकी मतांपेक्षा मला हे मत मोठं वाटतं, आणि मी ते वहीत वर, पहिल्या ओळीत लिहिलं. त्याचं नाव विचारून लिहिलं.

वेळ संपत आली होती, पण मूर्तिकार गृहस्थ म्हणाले, ते मांजर पुन्हा एकदा दाखवता का? फक्त तेवढंच. प्रोजेक्टर अजून गरम होता. आम्ही दिवे मालवले आणि तो प्रसंग लावला: वॉल्टर कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येतो, उलगडतो, टेबलावर ठेवतो, आणि लोक जवळ येतात. मघाशी इथे सगळ्यात मोठा हशा झाला होता. मी बॅटरी लावून तयार होते. मूर्तिकार उठून पडद्यापर्यंत गेले आणि मांजराच्या पाठीवरच्या मातीकडे वाकून बघत राहिले. त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली होती तरी कुणी ‘खाली बसा’ म्हणालं नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटं, एवढंच मी लिहिलं. त्यापुढे लिहायला हसू आलं नाही.