जुळवून कोणी घ्यायचं?



परवा पोफळीच्या आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वह्या भरल्या आणि गप्पा निघाल्या 'दिल है के मानता नहीं'च्या. आमिर खान आणि पूजा भट्टचा १९९१ सालचा सिनेमा. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि प्रवास एकत्र!

ही गोष्ट मूळ अमेरिकेतली. १९३४ सालचा तो सिनेमा, 'इट हॅपन्ड वन नाईट'. आपल्याकडे राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी'ही त्यावरूनच निघाला, १९५६ मध्ये. मूळ सिनेमात लाडात वाढलेली ती मुलगी आधी कच्च्या गाजराला नाक मुरडते, मग भुकेपोटी तेच खाते. त्याचीही मिजास उतरते. रस्त्यात गाडी कशी थांबवायची हे तो तिला ऐटीत शिकवतो, पण त्याच्यासाठी एकही गाडी थांबत नाही. ती झगा जरा वर उचलते आणि गाडी लगेच थांबते!

मराठीतही १९३८ साली असा एक सिनेमा आला, 'ब्रह्मचारी'. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. नायक औदुंबर एक भाषण ऐकतो, लग्न न करण्याचं व्रत घेतो आणि आश्रमात जातो. किशोरीचं त्याच्यावर मन बसतं. ती रडत बसत नाही, त्याचं व्रत मोडायचंच ठरवते. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यात पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. तेव्हा केवढी खळबळ उडाली! पण सिनेमा खूप चालला. प्रेक्षक हसले ते औदुंबरला. स्वतःचं मन न ओळखता दुसऱ्याच्या भाषणावरून त्याने व्रत घेतलं होतं ना!

या सिनेमांची गंमत इथेच आहे. विजोड माणसं एकत्र येतात आणि पुरुषालाही आपला हेका सोडावा लागतो. आपल्याकडे मात्र सासरी निघालेल्या मुलीलाच सांगतात, "जुळवून घे हो." मलाही तेच सांगितलं होतं. हे बोलले तेव्हा आमच्यातल्या एक मावशी हसून म्हणाल्या, "अगो, नवऱ्याला कोणी सांगितलंन काय?"

सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. आमच्या गटात दोघींच्या मुलींची लग्नं ठरताहेत.

मैत्रिणींनो, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात "स्वयंपाक येतो का?" हे तिला विचारतातच. या खेपेला मुलालाही विचारूया, "तुम्ही काय काय जुळवून घ्याल?" तो काय उत्तर देतो ते मुलीलाही ऐकू द्या. आणि होकार-नकार तिच्या तोंडूनच येऊ द्या.